कूलरची टाकी मोठी करू का?

गेल्या महिन्यात या पानावर मी बोलता बोलता लिहून गेले की मी बारा वर्षं प्रॉडक्ट मॅनेजरचं काम केलंय, आधी पुण्यात आणि आता चार वर्षं इथेच नागपुरात घरून, तर संपादकांकडे प्रश्नांचा ढीग जमला. निम्मे प्रश्न 'म्हणजे काय हो ताई' याच चालीचे, काही अगदी पैशा-पैशाच्या हिशेबाचे, आणि एक जण तर सरळ भांडायलाच आले. त्यातले सहा घेतलेत. नावं कुणाचीच छापत नाही, दोघांनी तशी विनंती केली होती म्हणून सगळ्यांना तोच नियम.

प्रश्न: ताई, मी हिंगणा रोडवरच्या कॉलेजात मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. कोडिंग मला जमत नाही, खोटं काहून बोलू. सिनियर म्हणतात प्रॉडक्ट मॅनेजर हो, पॅकेज भारी असते. पण हा माणूस दिवसभर करते काय? हाताखाली दहा-बारा लोक असतात का? नेटवर पाह्यलं तं नुसती गोल गोल चित्रं येऊन राहिली.

उत्तर: ती गोल चित्रं आधी बंद कर. हाताखाली लोक असतात का, तर नाही रे बाबा, बहुतेक वेळा एकही नसतो. डेव्हलपर त्यांच्या लीडचं ऐकतात, डिझायनर त्यांच्या हेडचं, सेल्सवाले कुणाचंच नाही, आणि या सगळ्यांच्या मध्ये उभं राहून काय बनवायचं, कुणासाठी, आणि आत्ताच का, एवढं ठरवायचं आणि ते सगळ्यांना पटवायचं. हुकूम चालत नाही, कारण द्यावं लागतं.

तू मेकॅनिकलवाला आहेस तर तुझ्याच भाषेत सांगते. धर की तू हिंगणा एमआयडीसीतल्या एका कूलरवाल्याकडे कामाला लागलास. फेब्रुवारी चालू आहे, मालकाला या सीझनचं नवीन मॉडेल काढायचंय. डीलर सांगतात, साहेब गिऱ्हाईक म्हणते टाकी मोठी पाहिजे. दहापैकी आठ जण तेच म्हणतात. मग टाकी मोठी करायची, संपलं, नाही का?

आता तू कुणाच्या तरी घरी मे महिन्यात, पारा पंचेचाळीसच्या वर गेलेला असताना, एक रात्र काढ. मानेवाड्याला पहिल्या मजल्यावर दोन खोल्या, खिडकीबाहेर लोखंडी स्टँड, त्यावर कूलर. रात्री दोनला टाकी कोरडी पडते, बाजूच्या गवताच्या ताट्या सुकतात, गरम हवा यायला लागते, घरातलं कुणीतरी उठतं आणि अंधारात बादली घेऊन जातं. नळ तर सकाळीच येणार, म्हणून ड्रममधलं साठवलेलं पाणी ओतायचं, त्यात अर्धं भिंतीवर. त्या माणसाचं दुखणं टाकी नाहीये रे, दुखणं आहे रात्री दोनला उठणं. टाकी हा त्यानं आपल्या डोक्यानं काढलेला उपाय आहे. आणि चाळीस लिटर जास्त म्हणजे त्या स्टँडवर चाळीस किलो जास्त, दहा वर्षं गंजलेलं स्टँड ते झेलेल का हे त्यानं तुला सांगितलेलं नाही, कारण तू विचारलंच नाहीस. मग डोकं दुसरीकडे चालायला लागतं: पंपाला टायमर दिला, दहा मिनिटं चालू पाच मिनिटं बंद, ताट्या ओल्याच राहतात, पंखा चालूच आहे, तर तेच पाणी पहाटेपर्यंत पुरेल का? ओली ताटी किती मिनिटांत सुकते ते गच्चीवर मोजून बघ. फ्लोट व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी खाली गेलं की आपोआप उघडणारी तोटी, लावून ड्रममधून पाइप ओढता येईल का? की टाकीवर एक नुसती उभी काचेची पट्टी, म्हणजे झोपायच्या आधीच दिसेल किती पाणी आहे? तिन्हीला वेगवेगळा खर्च. यातलं कुठलं घ्यायचं आणि कुठलं सोडायचं, ते का, हे मालकाला, डीलरला आणि वेल्डरला पटवणं म्हणजे प्रॉडक्ट मॅनेजरचा दिवस.

काही बनवायच्या आधी चार गोष्टी तपासायच्या असतात, या धंद्यातले सगळेच त्या कुठल्या ना कुठल्या नावानं तपासतात. लोकांना हे हवंय का. त्यांना ते वापरता येईल का. आपल्याला बनवता येईल का. आणि आपल्या धंद्याला परवडतं का. इंजिनियर पोट्टे तिसऱ्यावरच अडकून बसतात. टाटा नॅनो आठवते ना, जानेवारी २००८ मध्ये दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत दाखवली, एक लाखाची गाडी. बनवता येईल का, याचं उत्तर त्यांनी दणक्यात दिलं होतं. घोळ पहिल्याच प्रश्नात झाला. लोकांना स्वस्त गाडी हवी होती, पण 'सगळ्यात स्वस्त गाडीवाला' म्हणवून घ्यायचं नव्हतं. सोसायटीत गाडी उभी करताना शेजारी बघतो की. 'सगळ्यात स्वस्त' हा शिक्का नडला, हे पुढे रतन टाटांनी स्वतःच मान्य केलं.

आणि हे काम काही सॉफ्टवेअरवाल्यांनी शोधलेलं नाही. अमेरिकेत प्रॉक्टर अँड गॅम्बलमध्ये नील मॅकलरॉय नावाचा सव्वीस वर्षांचा पोरगा होता, त्याच्याकडे कॅमे साबणाचं काम. त्याच कंपनीच्या आयव्हरी साबणापुढे कॅमेकडे कुणी बघेना. १३ मे १९३१ ला त्यानं वरिष्ठांना तीन पानी टिपण पाठवलं की एका ब्रँडची पूर्ण जबाबदारी असलेला एक माणूस ठेवा. त्या माणसानं काय करायचं तेही लिहिलं: माल कुठे खपतो, कुठे खपत नाही हे आकड्यांवरून शोधायचं, आणि जिथे खपत नाही तिथे स्वतः जाऊन दुकानदाराला, गिऱ्हाइकाला भेटून का ते बघायचं. पुढे हाच माणूस १९५७ मध्ये अमेरिकेचा संरक्षण मंत्री झाला, तो भाग वेगळा. पण बघ, त्यात कोडिंगचा क पण नाही.

पॅकेजचं म्हणशील तर कॉलेजातून थेट या पोस्टवर घेणाऱ्या कंपन्या थोड्या. गूगलनं २००२ मध्ये नवख्यांना घडवायला असोसिएट प्रॉडक्ट मॅनेजर नावाचा कार्यक्रम काढला, तसे नंतर बऱ्याच जणांनी काढले, पण जागा मोजक्याच. जास्त करून लोक सपोर्टमधून, टेस्टिंगमधून, सेल्समधून सरकत सरकत इकडे येतात. मी सपोर्टमधून आले. दोन वर्षं फोनवर शिव्या खाल्ल्या, ते माझं एमबीए.

प्रश्न: नमस्कार. मी महालात राहतो, निवृत्त आहे. मुलीला पुण्यात प्रॉडक्ट मॅनेजरची नोकरी लागली. नातेवाईक विचारतात तेव्हा मी प्रोजेक्ट मॅनेजर सांगतो, तर ती चिडते. दोन्ही एकच ना? आणि ती फोनवर मैत्रिणीला 'मी पीएम आहे' म्हणाली तेव्हा आजी घाबरल्या.

उत्तर: काका, अभिनंदन, आणि आजींना सांगा दिल्लीचा काही संबंध नाही.

एक नाही हो. आपली मेट्रो बघा ना. खांब उभे करणं, रूळ टाकणं, स्टेशन बांधणं, ठरल्या तारखेला आणि ठरल्या पैशात, हा झाला प्रोजेक्ट. मार्च २०१९ मध्ये खापरी ते सीताबर्डी गाडी सुरू झाली, डिसेंबर २०२२ मध्ये पहिल्या टप्प्याचं उरलेलं झालं, फीत कापली, प्रोजेक्टवाले दुसऱ्या कामाला. पण माणूस स्कूटी घरी ठेवून मेट्रोनं जाईल का, स्टेशनपासून घरापर्यंत भर उन्हात तो कसा जाणार, तिकीट काढायला त्याला किती वेळ लागतो, हे प्रश्न फीत कापल्यावरच सुरू होतात आणि कधीच संपत नाहीत. ते प्रॉडक्टचे प्रश्न. तुमची मुलगी ते बघते. नातेवाइकांना एवढं सगळं सांगू नका, 'कंपनीनं काय बनवायचं ते ठरवते' एवढं पुरे, खोटंही नाही आणि ऐकायला पण बरं वाटतं.

प्रश्न: मी नंदनवनला डबे देते. हॉस्टेलची आणि रूम करून राहणारी पोरं आहेत, पंचेचाळीस डबे. रोज सहा-सात डबे तसेच परत येतात, पोरं आयत्या वेळी म्हणतात आज नको होता आणि मग महिन्याच्या शेवटी पैसे कापून मागतात. एका ओळखीच्या मुलानं अॅप करून देतो म्हटलं, अडीच लाख. पोरं अॅपवर आधीच सांगतील म्हणे. दिवाळीचे पैसे ठेवलेत, करू का?

उत्तर: ताई, थांबा. पैसे आहेत तिथेच ठेवा, आधी दोन मिनिटं हिशेब करू.

तुम्ही सोबतच्या कागदावर लिहिलंय की डब्याला कच्चा माल पस्तीस रुपयांचा लागतो. रोज सात डबे वाया म्हणजे २४५ रुपये, महिन्याचे २६ दिवस धरले तर ६,३७० रुपये. म्हणजे अॅप शंभर टक्के चाललं, एकही डबा परत आला नाही, तरी अडीच लाख वसूल व्हायला तीन वर्षांच्या वर लागतील. त्यात अॅप म्हणजे मिक्सर नाही, एकदा घेतला की झालं. फोन बदलतात, सिस्टीम अपडेट होते, काहीतरी मोडतं, आणि तो ओळखीचा मुलगा तोवर बंगलोरला गेलेला असतो.

पण मला पैशापेक्षा दुसरीच शंका आहे. पोरं सांगत नाहीत ती अॅप नाही म्हणून सांगत नाहीत का? त्यांच्याकडे तुमचा नंबर आहे, व्हॉट्सॲप आहे, अॅप नसताना पण ती सांगू शकतातच की. मग का सांगत नाहीत? कदाचित आदल्या रात्री त्यांनाच माहीत नसतं. कदाचित न सांगता पण पैसे कापून मिळतात हे कळलंय, मग कशाला त्रास घेतील. हे दुसरं खरं असेल तर तुमचं दुखणं टेक्नॉलॉजीचं नाही, नियमाचं आहे, आणि अॅपनं नियम येत नाही.

म्हणून असं करा. सगळ्या पंचेचाळिसांना नाही, फक्त बारा पोरं घ्या, जी जास्त परत करतात ती. त्यांचा वेगळा ग्रुप करा. रोज रात्री नऊला त्यात व्हॉट्सॲपचा पोल टाका, 'उद्या हवा' आणि 'उद्या नको', दोनच पर्याय. नियम आधीच सांगा: दहा वाजेपर्यंत 'नको' दाबलं तर पैसे नाही, गप्प बसलं तर डबा येणार आणि पैसे लागणार. पंधरा दिवस. किचनच्या कॅलेंडरवर रोज एकच आकडा लिहा, त्या बारांपैकी किती परत आले. आणि हे महत्त्वाचं, सुरू करायच्या आधी लिहून ठेवा की किती कमी झाले तर जमलं म्हणायचं. रोजचे चार यायचे ते दोनवर आले तर पुढे सगळ्यांना लागू करायचं, तीनच्या वरच राहिले तर आपला अंदाज चुकला, दुसरं शोधायचं. आधी लिहिलं नाही तर पंधरा दिवसांनी जो आकडा येईल त्यालाच आपण चांगला म्हणतो, मनुष्यस्वभाव आहे तो.

आमच्या धंद्यात याला एमव्हीपी म्हणतात, मिनिमम व्हायेबल प्रॉडक्ट. पुष्कळ लोक त्याचा अर्थ 'अर्धवट अॅप' असा करतात, ते चूक आहे. आपला अंदाज खरा की खोटा हे कमीत कमी पैशात ज्यानं कळतं ते एमव्हीपी, मग तो नुसता ग्रुप का असेना. अमेरिकेत १९९९ मध्ये नेटवर बूट विकायची कल्पना निघाली, जिचं पुढे झॅपोस झालं, तेव्हा त्या माणसानं गोडाऊन नाही घेतलं. गावातल्या दुकानात जाऊन बुटांचे फोटो काढले, वेबसाइटवर टाकले, आणि ऑर्डर आली की त्याच दुकानातून तो जोड विकत घेऊन पोस्टानं पाठवला. म्हणजे कसं, तुम्ही सीताबर्डीच्या चपलेच्या दुकानात फोटो काढायचे आणि वर्ध्याची ऑर्डर आली की तिथूनच घेऊन पाठवायची. तोटाच होत असेल प्रत्येक जोडामागे. पण लोक पायात न घालता बूट घेतात का, एवढंच त्याला कळून घ्यायचं होतं, ते कळलं.

पंधरा दिवसांनी कॅलेंडरच्या पानाचा फोटो पाठवा मला. आणि त्या मुलाला सरळ सांगा, आत्ता नाही. नाही म्हणणं या कामातलं सगळ्यात जड काम आहे, आणि ओळखीच्याला तर फारच.

प्रश्न: आम्ही तीन मित्र मिळून किराणा दुकानदारांसाठी उधारीचं अॅप बनवून राहिलो. इतवारी, सदर, प्रतापनगर मिळून चाळीस दुकानदारांना विचारलं, सगळे म्हणाले मस्त आहे, आम्ही घेऊ. अॅप दिलं तं चौघांनीच उघडलं. लोक खोटं बोलतात का?

उत्तर: खोटं नाही, सौजन्य. आपल्या नागपूरचा माणूस दारात आलेल्या पोराला 'नाही, फालतू आहे' म्हणणार नाही, उलट बस म्हणेल, चहा पाजेल, आणि 'एक नंबर' म्हणून पाठवून देईल. चूक त्याची नाही, प्रश्नाची. 'असं असं अॅप आलं तर वापराल का' हा प्रश्नच विचारायचा नसतो. पुढच्या जन्माबद्दल विचारल्यासारखं आहे ते, काहीही उत्तर द्या, कुणी तपासणार नाही. झालेलं विचारा. शेवटची उधारी कुणाला दिली? ती कुठे लिहिली, दाखवता का? मागच्या महिन्यात कुणाची बुडाली? मग काय केलंत? आणि सगळ्यात मोठं, हे दुखणं घालवायला आजवर स्वतःचा वेळ किंवा पैसा खर्च केलाय का? केला नसेल तर ते दुखणं नाही, नुसती तक्रार आहे.

मी स्वतः यात जोरात आपटलेय. आधीच्या एका कंपनीत आम्ही औषधाच्या दुकानांसाठी सॉफ्टवेअर करत होतो, नाव नाही घेत. दुकानदार सगळे म्हणायचे एक्सपायरीचा फार ताप आहे मॅडम. मी आनंदानं ठरवलं की एक्सपायरीचा अलर्ट द्यायचा, औषधाची मुदत संपायच्या तीन महिने आधी लाल पट्टी. चार महिने टीम लागली. दिलं. कुणी चालूच केलं नाही. मला वाटलं ट्रेनिंग कमी पडलं, व्हिडिओ बनवले. तरी नाही. शेवटी लाज सोडून धंतोलीतल्या एका दुकानात स्टुलावर जाऊन बसले, दुपारभर, काही न विचारता.

काय दिसलं सांगते. काउंटरच्या खाली एक खोका होता, वर स्केचपेननं एक्सपायरी लिहिलेला. हेल्पर पोरगा रॅक पुसता पुसता स्ट्रिप उलटी करून तारीख बघायचा आणि फेकायचा त्यात. म्हणजे औषध शोधायचं काम त्यांचं आधीच होत होतं, फुकटात. ताप होता पुढचा. तो खोका स्टॉकिस्टकडे, म्हणजे घाऊक माल देणाऱ्याकडे परत जातो, त्याच्या बदल्यात क्रेडिट नोट, म्हणजे परत केलेल्या मालाचे पैसे जमा धरल्याची चिठ्ठी यायला पाहिजे, आणि ती येतच नाही, किंवा आली तर कमीची येते, आणि कोणत्या खोक्याची कोणती हे कुणाला आठवत नाही. मालकानं एका पिशवीतून चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढून दाखवला, काहींची शाई उडालेली. 'एक्सपायरीचा ताप' म्हणजे हा ताप होता. मी शब्द ऐकला आणि माझ्या डोक्यातलं चित्र त्याला चिकटवून मोकळी झाले. पुढे परत पाठवलेल्या मालाची यादी आणि समोर आलेली क्रेडिट नोट, असं साधं पान केलं, तीन आठवड्यांचं काम, ते लोक रोज उघडायचे.

टोयोटाच्या कारखान्यात यासाठी एक शब्दच आहे, गेन्ची गेन्बुत्सु, म्हणजे जागेवर जा आणि खरी वस्तू डोळ्यांनी बघ. तुम्हाला जपान लांब वाटत असेल तर कोपऱ्यावरच्या पानठेल्यापाशी उभे राहा. तो खर्रा घोटत असतो, दोन्ही हात सुपारी-तंबाखूनं भरलेले, समोर चार जण, कुणीतरी मोबाइल दाखवून म्हणतो पाठवले भाऊ. तो काय हात धुऊन, फोन काढून मेसेज बघणार? आणि स्क्रीनशॉट तर खोटा पण दाखवता येतो. यूपीआय २०१६ मध्ये आलं, पैसे फोनवरून जायला लागले, पण पैसे आले हे ठेल्यावाल्याला कळायचं कसं, हे काम त्यानं संपलं नव्हतं. ते संपवलं त्या बोलणाऱ्या डब्यानं, वीस रुपये प्राप्त हुए. हात, डोळे दोन्ही अडकलेले, कान मोकळे, म्हणून आवाज. ऑफिसात बसून 'पेमेंट घेताना काय त्रास होतो' असा फॉर्म भरून घेतला असता तर कुणी लिहिलं नसतं की माझे हात भरलेले असतात.

तेव्हा तुम्ही चाळीस दुकानं सोडा, ज्या चौघांनी उघडलं त्यांच्याकडे जा. आणि न उघडलेल्या दोघांकडे पण, संध्याकाळी सातला, गर्दीच्या वेळी. उधारी वहीत लिहायला त्याला किती सेकंद लागतात ते मोजा. तुमच्या अॅपवर त्याहून जास्त लागत असतील तर पुढचं बोलायचं कारणच नाही.

प्रश्न: मी मिहानमध्ये डेव्हलपर आहे. तुमचं कौतुक चाललंय पण आमचा प्रॉडक्ट मॅनेजर दर सोमवारी प्रायॉरिटी बदलतो, सेल्सचा फोन आला की सगळंच अर्जंट, सगळंच पी-वन, म्हणजे पहिल्या नंबरचं. आम्ही अर्धं केलेलं काम फेकतो. तुम्ही लोक मीटिंग सोडून करता काय?

उत्तर: रागावू नका, बरोबर आहे तुमचं. सगळंच पी-वन म्हणजे काहीच पी-वन नाही, आणि तुमचा माणूस ठरवत नाहीये, पोस्टमनगिरी करतोय. पण तोही बहुतेक घाबरलेला असेल, नवीन असेल. त्याला एक कागद द्या.

क्रम लावायच्या बऱ्याच रीती आहेत, त्यातली राइस सगळ्यात सोपी, इंटरकॉम नावाच्या कंपनीनं काढलेली. रीच, इम्पॅक्ट, कॉन्फिडन्स, एफर्ट, असे चार आकडे: तीन महिन्यांत किती लोकांपर्यंत पोचेल, प्रत्येकाला किती फरक पडेल (थोडा तर अर्धा, मध्यम तर एक, मोठा तर दोन), आपली खात्री किती टक्के, आणि किती माणूस-महिने, म्हणजे एका माणसाचे किती महिने लागतील. पहिले तीन गुणायचे, चौथ्यानं भागायचं. सेल्सला व्हॉइस सर्च हवंय. धरा २,००० लोक, फरक अर्धा, खात्री ५० टक्के, चार महिने. २,००० गुणिले ०.५ गुणिले ०.५ भागिले ४, आलं १२५. दुसरीकडे पेमेंट फेल झाल्यावर नीट मेसेज आणि पुन्हा प्रयत्न करायचं बटण, ज्याच्याबद्दल कुणीच ओरडत नाही. ६०० लोक, फरक २, खात्री ८० टक्के, एक महिना. आलं ९६०. आता बोला.

हे आकडे म्हणजे काही देवाचं वाक्य नाही, अंदाजच असतात, आणि ज्याला आपलं घुसवायचंय तो खात्री ९० टक्के लिहितोच. पण भांडण जागेवर येतं. 'मला वाटतं' विरुद्ध 'मला वाटतं' असं न राहता 'तू ६०० कुठून आणलेस' असं होतं, ते तपासता येतं. आणि एक गोष्ट या सूत्राला दिसत नाही: एकच मोठं गिऱ्हाईक, ज्याच्याकडून कंपनीचे निम्मे पैसे येतात, त्याची मागणी. लोक मोजाल तर आकडा शून्याजवळ येईल, पण ते गेलं तर पगार होणार नाहीत. तिथे माणसानंच ठरवायचं, आणि का ठरवलं ते लिहून ठेवायचं, नाहीतर पुढच्या सोमवारी परत तेच.

दुसरी रीत मॉस्को, शहराशी काही घेणंदेणं नाही, मस्ट, शुड, कुड, वोन्ट, म्हणजे करायचंच, करायला हवं, जमलं तर, आणि करणार नाही. लोक पहिल्या तीन याद्या भरभरून लिहितात आणि चौथी कोरी ठेवतात. तुमच्या पीएमला म्हणा आधी चौथी भर. या तीन महिन्यांत काय करणार नाही, ते सेल्सला दिसेल अशा जागी लाव. तुमची निम्मी फेकाफेक थांबेल. निम्मीच म्हणतेय, बाकीच्या निम्म्याला तुमच्या मॅनेजमेंटशीच बोलावं लागेल, त्यावर मी काही लिहिलं तर संपादक कापतील.

प्रश्न: ऐंशी हजारांचा ऑनलाइन कोर्स करू का? सर्टिफिकेट मिळतं आणि जॉब असिस्टन्स. बीकॉम झालंय, प्रतापनगरला राहते.

उत्तर: 'जॉब असिस्टन्स' म्हणजे काय ते लेखी मागा आणि मग ठरवा, बहुतेक ठरून जाईल. सर्टिफिकेट बघून मी आजवर कुणाला घेतलेलं नाही. एक्सेल पक्कं करा, पिव्होट टेबलपर्यंत, बीकॉमला ते निम्मं येतंच. एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून आकडे काढायची भाषा, दोन महिन्यांत फुकट शिकता येतं, म्हणजे आकड्यासाठी दर वेळी डेव्हलपरच्या टेबलापाशी उभं राहावं लागत नाही. आणि लिहायची सवय लावा, मराठीत लिहा, इंग्रजीत लिहा, पण एका पानात.

आजपासून करायचं काम सांगते. तुमच्या ओळखीचं एक दुकान निवडा, झेरॉक्सवाला, ब्लाउज शिवणारी, सायकल रिपेअर, काहीही, फक्त अॅप कंपनी नको. तिथे दोन तास बसा. गिऱ्हाईक कुठे अडतं, मालक कुठे वैतागतो, ते बघितलं तसं टिपा. मग एक पान: कुणाला, काय त्रास, आज तो त्यावर काय जुगाड करतो, मी काय करून बघेन, आणि जमलं हे मला कशावरून कळेल. पाच परिच्छेद. उपाय चौथ्यात यायला पाहिजे, पहिल्यात आला तर पान फाडा आणि परत बसा. अशी तीन पानं झाली की संपादकांच्या पत्त्यावर पाठवा, मी वाचते, लाल पेननं. पीपीटी पाठवू नका.